शीतगृहाच्या यंत्राचे निर्वातीकरण : गॅस भरण्यापूर्वीची एक रात्र

द्राक्षाचा घड वेलीवरून उतरला, तरी त्याचे श्वसन थांबत नाही. उन्हाने तापलेला माल जितका वेळ तापलेलाच राहील, तितका त्याचा देठ सुकतो, मणी सैल होतात आणि टिकाऊपणा घटतो. म्हणून तोडणीनंतर काही तासांतच माल पूर्वशीतकरणाच्या खोलीत न्यावा आणि पुढे शून्य अंशाच्या आसपास साठवावा, हे नाशिक, सांगली, सोलापूर या भागांतील बागाईतदारांना आता सांगावे लागत नाही. परंतु ही सारी व्यवस्था ज्या यंत्रावर अवलंबून असते, त्याच्या पोटात काय चालते याची माहिती मात्र फार थोड्यांना असते.

समजा, ऐन हंगामात संस्थेच्या शीतगृहाची एक नळी फुटली. कारागीर आला, नळी जोडली, तासभर पंप लावला, काटा खाली गेलेला दाखविला आणि गॅस भरला. दोन दिवस खोली उत्तम थंड होते. तिसऱ्या दिवशी थंडावा एकाएकी कमी होतो. यंत्र थोडा वेळ बंद ठेवून पुन्हा सुरू केले की ते नीट चालते आणि काही तासांनी पुन्हा बिघडते. ‘गॅस कमी पडला’ असे समजून आणखी गॅस भरला जातो. अखेर कॉम्प्रेसरची मोटर जळते, तेव्हा आत शेतकऱ्यांचा वर्षभराच्या कष्टाचा माल भरलेला असतो.

या हानीचे मूळ बहुधा एकाच ठिकाणी सापडते. गॅस भरण्यापूर्वी यंत्रातील हवा आणि ओल पूर्णपणे काढलेली नसते. हे काढण्याच्या कामास निर्वातीकरण म्हणतात. कारागीर मंडळी त्यास ‘व्हॅक्यूम करणे’ असे म्हणतात. हे काम कारागिराचेच आहे, परंतु ते पुरे झाले की नाही हे पारखणे संस्थेच्या चालकांना, शेतकरी सभासदांना आणि ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना सहज शक्य आहे. त्याची रीत या पाठात सांगितली आहे.

हवा आणि ओल यांचे उपद्रव

शीतकरण यंत्रात एकच द्रव्य सतत फिरत असते. खोलीतील वेटोळ्यांत ते उकळून वायुरूप होते व खोलीची उष्णता शोषून घेते. कॉम्प्रेसर त्यास दाबतो. बाहेरील कंडेन्सरमध्ये ते आपली उष्णता सोडून पुन्हा द्रवरूप होते आणि एका अरुंद झडपेतून, म्हणजे एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून, वेटोळ्यांकडे परत जाते. या फेऱ्यात शीतक द्रव्य आणि थोडे वंगणतेल यांखेरीज तिसऱ्या कशालाही स्थान नाही.

हवा आत राहिली, तर ती कंडेन्सरमध्ये द्रवरूप होत नाही. ती तेथेच साचून राहते आणि जागा अडविते. परिणामी दाब चढतो, कॉम्प्रेसर तापतो, विजेचे बिल वाढते आणि थंडावा मात्र घटतो. शिवाय हवेतील प्राणवायू तापलेल्या तेलाचा नाश करतो.

ओल याहूनही घातक होय. शून्य अंशाखाली काम करणाऱ्या यंत्रात पाण्याचा कण झडपेच्या अरुंद तोंडाशी गोठतो व वाट बंद करतो. यंत्र थांबले की तो वितळतो, पुन्हा चालू झाले की गोठतो. वर सांगितलेला ‘कधी चालते, कधी चालत नाही’ हा प्रकार त्यामुळेच घडतो. पुढे तेच पाणी, शीतक द्रव्य आणि तेल यांच्या संयोगाने आम्ल तयार होते आणि ते मोटरच्या वेटोळ्यांवरील आवरण खाऊन टाकते. नव्या प्रकारच्या गॅसांबरोबर वापरले जाणारे एस्टर जातीचे तेल तर उघड्या हवेतील ओल झपाट्याने शोषते, आणि एकदा शोषलेली ओल पंप लावून त्यातून काढणे अतिशय कठीण असते. म्हणून असे तेल व ओलशोषक गाळणी ही दोन्ही अखेरच्या क्षणापर्यंत बंद डब्यातच ठेवावीत.

पाणी काढावयाचे म्हणजे उकळावयाचे

हवा पंपाने ओढून काढता येते, हे समजण्यास सोपे आहे. पण नळीच्या वळणात अडकलेला पाण्याचा थेंब कसा निघावा? तो वाफ झाल्याशिवाय निघत नाही. नळ्यांचे मैलभर जाळे तापवून १०० अंशांपर्यंत नेणे शक्य नसते. येथे निसर्गाचा एक नियम उपयोगी पडतो. पाण्यावरील दाब जसा कमी करावा, तसे ते कमी उष्णतेवर उकळते. समुद्रसपाटीवर हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर उंचीइतका असतो व तेथे पाणी १०० अंशांवर उकळते. त्याहून कमी उष्णतेवर उकळण्यासाठी दाब किती खाली आणावा लागतो, ते पाहा :

३० अंश सेल्सियस : ३२ मिलिमीटर
२० अंश : १७.५ मिलिमीटर
१० अंश : ९.२ मिलिमीटर
५ अंश : ६.५ मिलिमीटर
० अंश : ४.६ मिलिमीटर

यावरून दोन गोष्टी ध्यानात येतील. पहिली ही की, निर्वात पंप पाणी ‘ओढत’ नाही. तो दाब उतरवितो, पाणी आपोआप उकळते आणि पंप ती वाफ बाहेर टाकतो. दुसरी ही की, यंत्र जितके गार, तितके हे काम कठीण. निफाडकडे थंडीच्या दिवसांत पहाटे पारा ५ अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा उघड्यावरील नळीतले पाणी उकळण्यास ६.५ मिलिमीटरपर्यंत दाब आणावा लागतो. मे महिन्यातील दुपारी तेच काम ३२ मिलिमीटरच्याही वरच सुरू झाले असते. म्हणून शक्य असेल तर हंगामापूर्वी, उबदार दिवसांत, यंत्राची दुरुस्ती उरकून घ्यावी. थंडीत करणे भागच पडले, तर शीतखोलीची दारे उघडी ठेवून, दिवे किंवा विजेचे हीटर लावून वेटोळी उबदार करावीत. नळ्यांना ज्योत मात्र कधीही लावू नये.

काट्याचा भ्रम

नेहमीच्या घड्याळी दाबमापकावर निर्वाताची बाजू ० पासून ७६० पर्यंत आखलेली असते. काटा तळाशी गेला की ‘पूर्ण व्हॅक्यूम झाला’ असे समजण्यात येते. ही समजूत चुकीची आहे. एक तर समुद्रसपाटीपासून ६०० मीटर उंचीवर हवेचा दाबच सुमारे ७०७ मिलिमीटर असतो. तेथे काटा ७६० दाखवू लागला, तर ते मापकच चुकीचे समजावे. दुसरे, या मापकावर आत २० मिलिमीटर दाब उरला आहे की अर्धा मिलिमीटर, हे डोळ्यांना कळतच नाही. आणि सारा प्रश्न तर याच शेवटच्या २० मिलिमीटरांचा आहे. खोली २० अंशांवर असताना आत २० मिलिमीटर दाब शिल्लक असेल, तर पाण्याचा एकही थेंब उकळलेला नसतो.

म्हणून या कामास मायक्रॉन मापक वापरावे. एक मिलिमीटरचे १,००० मायक्रॉन होतात. सर्वसाधारणपणे ५०० मायक्रॉन, म्हणजे अर्धा मिलिमीटर, येथपर्यंत यंत्र उतरवावे असा प्रघात आहे. यंत्राच्या निर्मात्याने याहून कडक मर्यादा सांगितली असेल, तर ती पाळावी. मापक पंपाच्या तोंडाशी लावल्यास ते पंपाचीच स्तुती करते. ते पंपापासून दूरच्या टोकाला लावावे, म्हणजे यंत्राची खरी स्थिती कळते.

मोठ्या यंत्रास इतका वेळ का लागतो?

घरातील लहान यंत्रास जे काम तासाभरात होते, त्यास मोठ्या शीतगृहात एक अहोरात्र का लागावे, असे शेतकरी विचारतात. त्याचे उत्तर साध्या हिशेबात आहे. पाणी वाफ झाले की प्रचंड जागा व्यापते, आणि दाब जितका कमी तितकी ती जागा वाढत जाते. ३० अंशांच्या वाफेचा हिशेब केला, तर एक ग्रॅम पाण्याची वाफ ५ मिलिमीटर दाबाखाली सुमारे २१० लिटर जागा व्यापते, आणि अर्ध्या मिलिमीटरखाली सुमारे २,१०० लिटर. आता समजा, यंत्रात पाव लिटर पाणी राहिले आहे आणि पंप मिनिटाला ३०० लिटर ओढतो. हे पाणी ५ मिलिमीटर दाबावर निघाले, तर पंपास सुमारे ३ तास लागतील. तेच अर्ध्या मिलिमीटरवर काढावयाचे झाले, तर सुमारे २९ तास लागतील. पाणी उबदार असतानाच, तुलनेने जास्त दाबाखाली, काढून घेणे किती लाभाचे आहे ते यावरून दिसते. त्याहूनही लाभाचे म्हणजे पाणी आत जाऊच न देणे. उघडलेल्या नळीचे तोंड तत्काळ बंद करावे आणि साचलेले पाणी पंप लावण्यापूर्वीच निथळून घ्यावे.

येथे आणखी एक फसगत होते. माठातील पाणी पाझरून वाफ होते आणि उरलेले पाणी गार होते, हा घरोघरचा अनुभव आहे. यंत्रातही तेच घडते. पंप जोराने ओढू लागला की काही पाणी वाफ होऊन जाते व जाताना उरलेल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. त्यामुळे ते पाणी गोठते. १८१० साली एडिंबरो येथे जॉन लेस्ली या शास्त्रज्ञाने हवा काढण्याच्या पंपाखाली ठेवलेले पाणी असेच गोठवून दाखविले होते. त्यास ते हवे होते, आपल्याला ते नको आहे. बर्फाची वाफ फार मंद गतीने होते. त्यातून नळीवर जाड उष्णतारोधक आवरण असेल, तर बाहेरची ऊब आत पोहोचत नाही. उणे २५ अंशांच्या बर्फावरील वाफेचा दाब सुमारे अर्धा मिलिमीटरच असतो. म्हणजे मापक ५०० मायक्रॉन दाखवीत असतानाही आत बर्फाचा खडा शाबूत असू शकतो. पंप बंद झाला, आवरणाखालील नळी हळूहळू ऊब घेऊ लागली, की तो वितळून पुन्हा पाणी होतो. केवळ आकडा गाठणे पुरेसे नाही, असे जे म्हणतात ते याच कारणाने.

कामाचा योग्य क्रम

१. यंत्रातील जुना गॅस हवेत सोडू नये. तो पुनःप्राप्ती यंत्राने सिलिंडरमध्ये काढून घ्यावा. निर्वात पंप या कामासाठी नव्हे. आर-२२ सारख्या गॅसांमुळे पृथ्वीभोवतीच्या ओझोन थरास इजा होते. १९८७ चा माँट्रियल करार याच कारणाने झाला आणि भारत सरकारने २००० साली त्याविषयीचे नियम केले. ज्या नव्या गॅसांनी ओझोनला इजा होत नाही, त्यांतील पुष्कळ गॅस वातावरणाची उष्णता वाढवितात. म्हणून २०१६ मध्ये किगाली येथे त्यांच्यावरही मर्यादा घालण्याचे ठरले.

२. दुरुस्तीनंतर कोरडा नायट्रोजन दाबनियंत्रक लावून भरावा, यंत्राच्या पाटीवरील मर्यादेत दाब ठेवावा आणि प्रत्येक सांधा साबणाच्या फेसाने तपासावा. दाब काही तास, शक्य तर रात्रभर, स्थिर राहिला पाहिजे. गळक्या यंत्रास पंप लावणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे होय.

३. पंपास नवे तेल घालावे. पंपाचे तेल वाफ शोषून दुधाळ झाले, की पंपाची शक्ती जाते. मोठ्या कामात मध्येच ते बदलावे लागते. अशा वेळी यंत्राकडील झडप आधी बंद करावी.

४. पंपाची नळी आखूड व रुंद असावी. बोटाएवढ्या नळीने विहीर उपसता येत नाही, तसेच हे आहे. नळीचा व्यास दुप्पट केला, तर तिची वाहून नेण्याची शक्ती आठपटींहून कमी वाढत नाही. जोडणीच्या तोंडातील बारीक झडपा काढून ठेवाव्यात व पंप जास्त दाबाच्या आणि कमी दाबाच्या अशा दोन्ही बाजूंना जोडावा.

५. यंत्रातील विजेवर चालणाऱ्या सर्व झडपा उघड्या आहेत याची खात्री करावी. एक झडप बंद राहिली, तर तिच्यापलीकडील भाग कोरडाच झाला नाही असे समजावे.

६. पंप चालवून दाब सुमारे १,५०० मायक्रॉनपर्यंत उतरवावा. मग पंपाकडील झडप बंद करून कोरडा नायट्रोजन सोडावा. तो ऊब घेऊन आत जातो व ओल आपल्यात सामावून घेतो. काही वेळाने तो बाहेर सोडून पंप पुन्हा लावावा. असे दोनदा करून तिसऱ्या वेळी ५०० मायक्रॉनपर्यंत जावे. यास तिहेरी निर्वातीकरण म्हणतात. ओलसर यंत्रास हा उत्तम उपाय होय.

अखेरची कसोटी

५०० मायक्रॉनचा आकडा गाठल्यावर पंप व यंत्र यांमधील झडप बंद करावी, पंप थांबवावा आणि मापकाकडे पाहत राहावे. आरंभी आकडा थोडा चढतो, कारण यंत्राच्या दूरच्या भागांतील दाब समान होत असतो. त्यानंतर दर दहा मिनिटांनी आकडा वहीत लिहावा. मोठ्या यंत्रास किमान काही तास, आणि आवरण घातलेल्या लांब नळ्या असतील तर रात्रभर, ही कसोटी घ्यावी. वहीतील आकडे तीनपैकी एक गोष्ट सांगतात :

आकडा थोडा चढून १,००० मायक्रॉनच्या आतच स्थिरावला, तर यंत्र कोरडे व निर्गळ आहे. गॅस भरावा.

आकडा चढत जाऊन काही हजार मायक्रॉनांवर थबकला, तर आत पाणी आहे. यंत्र उबदार करून, नायट्रोजन सोडून, पंप पुन्हा लावावा.

आकडा न थांबता चढतच राहिला, तर कोठे तरी गळती आहे. नायट्रोजनचा दाब देऊन ती शोधावी.

तीन ओळींची ही कसोटी प्रत्येक शीतगृहाच्या भिंतीवर लिहून ठेवण्यासारखी आहे. ‘पंप किती तास चालला’ हा प्रश्न गौण होय. ‘पंप बंद केल्यावर आकडा किती चढला’ हाच खरा प्रश्न आहे.

कटाक्षाने टाळावयाच्या गोष्टी

वीज जाणे ही खेड्यातील नेहमीची अडचण आहे. पंप चालू असताना वीज गेली व झडप उघडी राहिली, तर बाहेरची हवा पंपातील तेलासह यंत्रात शिरू शकते आणि रात्रभराचे काम वाया जाते. म्हणून पंपाशेजारी एक जबाबदार माणूस बसवावा, वीज गेल्यास आपोआप बंद होणारी झडप असावी आणि जनरेटर तयार ठेवावा. हवा आत गेल्याचा संशय आला, तर काम पहिल्यापासून करावे.

नायट्रोजनऐवजी प्राणवायूचे सिलिंडर कधीही जोडू नये. दाबाखालील प्राणवायू आणि तेल एकत्र येताच स्फोट होऊन माणसे दगावू शकतात. सिलिंडरची पाटी दोघांनी वाचावी, मगच ते जोडावे.

यंत्राच्या कॉम्प्रेसरलाच निर्वात पंप म्हणून राबवू नये. तो त्या कामासाठी घडविलेला नसतो. ज्या कॉम्प्रेसरची मोटर आतच बंदिस्त असते, त्याला यंत्र निर्वात असताना चालू करू नये किंवा त्याच्या मोटरची विद्युतरोधकतेची चाचणीही घेऊ नये. निर्वातात विजेची ठिणगी सहज उडते व वेटोळी जळतात.

दूध किंवा पाणी गार करणाऱ्या यंत्रात गॅस भरताना तो आधी वायुरूपात सोडून दाब वाढवावा. निर्वात यंत्रात द्रवरूप गॅस एकदम सोडला, तर तो अतिशय गार होतो व शेजारच्या नळ्यांतील पाणी गोठून नळ्या फुटतात.

अमोनियावर चालणाऱ्या शीतगृहांविषयी स्वतंत्र सूचना आवश्यक आहे. बटाट्याची अनेक मोठी शीतगृहे अमोनियावर चालतात. अमोनियात पाणी विरघळते, म्हणून झडपेशी बर्फ होत नाही. मात्र ते पाणी वेटोळ्यांत साचून थंडावा कमी करते. अमोनिया तांबे व पितळ यांस खातो आणि त्याची वाफ श्वासात गेल्यास प्राणघातक ठरते. त्यामुळे तांब्या-पितळेचे भाग असलेली साधने तेथे जोडू नयेत आणि ते काम त्यातील प्रशिक्षित माणसांखेरीज कोणीही हाती घेऊ नये.

कार्यकर्त्यांचे व सभासदांचे कर्तव्य

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने पाना हाती घ्यावा, अशी अपेक्षा नाही. त्याने हंगामाच्या दोन महिने आधी संस्थेच्या चालकांना यंत्राची तपासणी करून घेण्यास सांगावे. दुरुस्तीच्या करारात मायक्रॉन मापकाने घेतलेली कसोटी व तिचे वहीतील आकडे यांचा समावेश करवून घ्यावा. दुरुस्तीच्या दिवशी माल तोडू नये, किंवा तोडल्यास शेजारच्या शीतगृहात जागा राखून ठेवावी, म्हणजे कारागिरावर घाई करण्याचा दाब येणार नाही.

दारात गाड्या उभ्या असतात, द्राक्षांचे क्रेट उन्हात तापत असतात आणि जो तो ‘गॅस कधी भरणार?’ असे विचारीत असतो. त्या वेळी कारागिराने ‘आकडा अजून चढतो आहे, सकाळपर्यंत थांबावे लागेल’ असे सांगितले, तर त्याच्यावर रागावू नये. तो कामचुकार नसून आपल्या मालाचा राखणदार आहे, असे समजावे. तो थांबतो ती एक रात्र आपल्या पूर्ण हंगामाचे रक्षण करीत असते.